रस्त्याकडेच्या चराची देखभाल: शेतमालकाने काय करावे, काय टाळावे

पहिला मोठा पाऊस पडतो आणि रस्त्यालगतच्या शेतात डांबरी रस्त्याचे पाणी घुसते. सोयाबीनचे दोन-चार तास पाण्याखाली जातात, कपाशी पिवळी पडते, बांध फुटतो. मग रस्ता उंच केला म्हणून पाणी आले, असे म्हटले जाते. काही वेळा ते खरेही असते. पण बऱ्याच ठिकाणी कारण त्याहून साधे असते. रस्ता आणि शेत यांच्यामधला चर गाळाने भरलेला असतो, त्यात बेशरम आणि गाजर गवत माजलेले असते, किंवा ट्रॅक्टर शेतात नेण्यासाठी कुणीतरी तो मुरूम टाकून बुजवलेला असतो.

या चराला कुठे साईड गटर म्हणतात, कुठे नाली, कुठे चारी. त्याची देखभाल कशी करावी, आपल्या हद्दीत काय करता येते आणि कुठे परवानगी लागते, याची माहिती या लेखात दिली आहे.

चर कशासाठी असतो?

रस्त्याकडेचा चर तीन कामे करतो.

- रस्त्यावर पडलेले पाणी साईडपट्टीवरून उतरून चरात येते. डांबरी रस्त्यावर पडलेला जवळजवळ सगळा पाऊस वाहून जातो, जमिनीत मुरत नाही. हे पाणी अडवायला चर नसेल तर ते थेट शेतात येते.
- वरच्या अंगाच्या शेतातील जादा पाणी गोळा करून चर ते जवळच्या मोरीकडे आणि पुढे ओढ्या-नाल्याकडे नेतो.
- चरातील पाण्याची पातळी रस्त्याच्या पायापेक्षा खाली राहिली तर रस्ता कोरडा राहतो. चर तुंबला की पाणी रस्त्याच्या पायात मुरते, साईडपट्टी खचते आणि खड्डे पडू लागतात. तोच रस्ता तुमचा माल बाजारात नेतो, हे लक्षात ठेवावे.

निचरा बिघडल्याचे नुकसान पिकात लवकर दिसते. मुळांभोवतीची हवा संपली की मुळे अन्नद्रव्ये घेऊ शकत नाहीत. बराच काळ पावसाचा ताण बसून नंतर पाणी साचले तर कपाशीत आकस्मिक मर येते. तूर पाणी साचलेली जमीन सोसत नाही. हळद व आल्यात कंदकूज वाढते. मोसंबी-संत्र्यात फायटोप्थोरा बुरशीमुळे मूळकूज आणि डिंक्याचा प्रादुर्भाव होतो. अशा वेळी औषधावर खर्च करण्याआधी पाणी कुठे अडले आहे ते पाहावे.

चर कोणाचा, काम कोणाचे?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते आणि त्यांच्या कडेचे चर ही शासनाची मालमत्ता आहे. म्हणजे रस्त्याच्या हद्दीतील चर तुमच्या बांधाला लागून असला तरी तो तुमच्या सातबाऱ्याचा भाग नाही. तो बुजवता येत नाही, त्यात पीक घेता येत नाही आणि कुंपणही घालता येत नाही.

कोणता रस्ता कोणाकडे असतो, हे आधी माहीत असावे:

- राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग: सार्वजनिक बांधकाम विभाग
- इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग: जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग
- राष्ट्रीय महामार्ग: राजमार्ग प्राधिकरण किंवा बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा
- गावांतर्गत रस्ते: ग्रामपंचायत. पाणंद आणि शेतरस्त्यांबाबत ग्रामपंचायत व तहसील कार्यालयाकडे विचारावे

चर खोदणे, मोऱ्या बांधणे, मोठा गाळ काढणे ही कामे त्या विभागाची आहेत. मात्र चरात आपल्या शेतातून काय जाते, हे शेतमालकाच्या हातात असते. बांधावरचा काडीकचरा, पऱ्हाट्या, उसाचे पाचट, शेतातून वाहून येणारी माती, शेतात उतरण्यासाठी टाकलेला भराव आणि त्याखालचा पाईप याकडे तुम्हालाच लक्ष द्यावे लागते. चर तुंबला तर नुकसान सर्वांत आधी तुमच्या शेताचे होते. म्हणून विभागाची वाट पाहत न बसता गवत कापणे, कचरा उचलणे, पाईपचे तोंड मोकळे करणे एवढी कामे स्वतः करून घ्यावीत. खोदकाम करायचे असेल, चराची खोली किंवा दिशा बदलायची असेल, तर आधी लेखी कळवून परवानगी घ्यावी.

किती पाणी येते? एक साधा हिशेब

एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. समजा, तुमच्या चराकडे २ हेक्टर भारी काळ्या जमिनीचे पाणी येते आणि तासाभरात ६० मिलिमीटरची जोरदार सर झाली. तेवढ्या वेळात या क्षेत्रावर १२ लाख लिटर पाणी पडते. त्यातील निम्मे मुरले आणि निम्मे वाहिले असे धरले, तरी चरातून तासाला ६ लाख लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ लिटर पाणी जायला हवे.

आता चराची क्षमता पाहू. तळ ४५ सेंमी, खोली ५० सेंमी, बाजूंचा उतार दीडास एक (१ फूट खोलीला दीड फूट आडवे) आणि लांबीत १०० मीटरला ४० सेंमी उतार असलेला मातीचा चर धरा. वरचे १० सेंमी मोकळे सोडून ४० सेंमीपर्यंत पाणी वाहिले, तर ढोबळ हिशेबाने क्षमता अशी येते:

- चर साफ, गवत आखूड: सेकंदाला सुमारे २७५ लिटर
- १५ सेंमी गाळ साचलेला, गवत आखूड: सुमारे १८० लिटर
- गाळ नाही, पण दाट उंच तण: सुमारे १०० लिटर
- १५ सेंमी गाळ आणि दाट तण: सुमारे ६५ लिटर

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, साफ चर हे पाणी सहज नेतो, तर गाळ आणि तण दोन्ही असतील तर निम्मेही नेत नाही. उरलेले पाणी शेतात पसरते. दोन, या हिशेबात गाळापेक्षा उंच तणामुळे क्षमता जास्त घटते. गाळ काढायला यंत्र मिळाले नाही, तरी मेअखेर आणि पुन्हा पावसाळ्यात विळ्याने किंवा ब्रशकटरने गवत कापले, तर मोठा फरक पडतो.

तुमच्या चराकडे किती क्षेत्राचे पाणी येते ते पावसात छत्री घेऊन पाहून ठरवावे. वरच्या शेजाऱ्यांच्या शेतांचे पाणीही त्यात धरावे.

चराचा आकार आणि उतार

- काळ्या जमिनीत उभ्या भिंतीचा चर टिकत नाही. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. भिंती ढासळून चर पहिल्याच पावसात भरतो. बाजूंचा उतार दीडास एक ते दोनास एक ठेवावा. मुरमाड जमिनीत एकास एक चालतो.
- जेसीबीने काम करून घेताना चालकाला आधी सांगावे. बकेटने सरळ खोल खड्डा मारणे त्याला सोपे जाते, पण उताराची बाजू घडवून घेतल्याशिवाय काम संपवू देऊ नये.
- लांबीत उतार १०० मीटरला ३० ते ५० सेंमी मिळाला तर चांगले. त्याहून कमी असेल तर गाळ लवकर बसतो. १०० मीटरला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर तळ खरवडला जातो.
- उतार डोळ्याने ठरवू नये. पाणलोटाच्या कामात वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी किंवा ए-फ्रेम वापरावी. ३० मीटर अंतरात तळ १० ते १५ सेंमी खाली गेला पाहिजे.
- खालच्या टोकाकडून, म्हणजे मोरी किंवा नाल्याकडून काम सुरू करून वर यावे. वरून खोदत खाली आले तर शेवटी चराचा तळ मोरीच्या तळापेक्षा खाली जातो आणि तेथे डबके राहते.
- गरजेपेक्षा खोल चर काढू नये. रस्त्याच्या बाजूने खोल खोदल्यास साईडपट्टी सुटते, वाहन चरात जाण्याचा धोका वाढतो आणि त्याची जबाबदारी खोदणाऱ्यावर येऊ शकते. खोली वाढवण्यापेक्षा शेताच्या बाजूने रुंदी वाढवून उथळ, पसरट चर करणे चांगले. असा चर गवत धरतो, ढासळत नाही आणि ब्रशकटरने साफही करता येतो.

तीव्र उतारावर आपल्या हद्दीतील चरात दगडांचे छोटे आडवे बांध घालावेत. मधला भाग २० सेंमी उंच आणि दोन्ही टोके त्याहून १५ सेंमी वर ठेवावीत, म्हणजे पाणी मधूनच जाते, काठ कापत नाही. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत यावा. १०० मीटरला २ मीटर उतार असेल तर दर १० मीटरवर, ३ मीटर उतार असेल तर साडेसहा मीटरवर एक बांध येतो. रस्त्याच्या हद्दीतील चरात मात्र असे बांध स्वतःहून घालू नयेत. संबंधित विभागाच्या शाखा अभियंत्याला जागा दाखवावी.

चरात गवत हवे, पण आखूड

चर उघडा, खरवडलेला ठेवणे चूक आहे. गवताच्या मुळ्या माती धरून ठेवतात आणि शेतातून आलेली माती काही प्रमाणात गाळून घेतात. गवत १० ते १५ सेंमी उंच असले की पुरे. ते कमरेएवढे वाढले की अडथळा होतो.

- शेताच्या बाजूच्या काठावर मारवेल किंवा वाळा लावावा. मारवेल जनावरांना चारा म्हणून कापता येतो, त्यामुळे चर आपोआप साफ राहतो. वाळ्याची मुळे खोल जातात आणि काठ धरून ठेवतात. वाळा काठावर ओळीने लावावा, तळात लावू नये.
- हरळी माती उत्तम धरते. पण ती शेतात शिरली तर काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून हरळी रस्त्याच्या बाजूलाच राहू द्यावी आणि बांधाच्या कडेने तिच्या मुळ्या वेळोवेळी तोडाव्यात.
- गाजर गवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावे. चरातील वाहते पाणी त्याचे बी थेट तुमच्या आणि खालच्या शेजाऱ्याच्या शेतात नेते. उपटताना हातमोजे आणि तोंडाला रुमाल असावा, कारण या तणाने त्वचेची व श्वासाची अ‍ॅलर्जी होते.
- बेशरम नुसती कापून उपयोग नाही. तिचे तुकडे ओल्या जागी पुन्हा रुजतात. मुळासकट काढून उन्हात वाळवावी. वेडी बाभळीची रोपे लहान असतानाच काढावीत.
- चरात तणनाशक फवारू नये. गवत मेल्यावर माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. औषधाचा अंश पाण्यासोबत ओढ्यात किंवा विहिरीत जातो.
- गवत पेटवू नये. आग शेजारच्या गंजीला किंवा उभ्या उसाला लागू शकते, आणि धुरामुळे रस्त्यावर अपघात होतात.

रस्त्याकडेची झाडे शासनाची असतात. फांदी आडवी येत असली तरी परवानगीशिवाय झाड तोडू नये.

शेतात उतरण्याचा भराव आणि पाईप

रस्त्याकडेचे चर तुंबण्याची सर्वांत मोठी जागा ही. ट्रॅक्टर, बैलगाडी, ऊस वाहतुकीची ट्रॉली शेतात नेण्यासाठी चरावर भराव टाकला जातो. कधी त्याखाली पाईपच नसतो, कधी हाताशी असलेला लहान पाईप टाकलेला असतो.

वरच्याच उदाहरणात १०० मीटरला ४० सेंमी उतार धरला, तर पूर्ण भरून वाहणाऱ्या सिमेंट पाईपची क्षमता ढोबळमानाने अशी येते:

- ३०० मिमी व्यासाचा पाईप: सेकंदाला सुमारे ६० लिटर
- ४५० मिमी: सुमारे १८० लिटर
- ६०० मिमी: सुमारे ३९० लिटर

व्यास दुप्पट केला की क्षमता सहा पटींहून जास्त होते. आपल्याला १६७ लिटर न्यायचे होते. ३०० मिमीच्या पाईपमधून त्यातले जेमतेम एक तृतीयांश पाणी जाईल. ४५० मिमीचा पाईप कागदावर पुरतो, पण थोडा गाळ बसला की अपुरा पडतो. म्हणून ६०० मिमीपेक्षा लहान पाईप टाकू नये. लहान पाईप आतून साफही करता येत नाही.

पाईप टाकताना पुढील काळजी घ्यावी:

- रस्ता ज्या विभागाचा आहे त्याची लेखी परवानगी घ्यावी. पाईपचा व्यास आणि तळाची पातळी त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी.
- पाईपचा तळ चराच्या तळाशी जुळवावा. पाईप वर बसला तर वरच्या अंगाला पाणी साचते, खाली बसला तर पाईप गाळाने भरतो.
- पाईपखाली मुरमाचा दाबलेला थर द्यावा. काळ्या मातीवर थेट ठेवलेले पाईप खचतात आणि सांधे उघडतात.
- पाईपवर निदान दीड-दोन फूट दाबलेला भराव असावा. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाने उघडा पाईप फुटतो.
- दोन्ही तोंडांना दगडी किंवा सिमेंटची छोटी भिंत बांधावी, नाहीतर भरावाची माती घसरून तोंड बंद होते.
- भरावाचा उतार रस्त्याकडून शेताकडे असावा, म्हणजे पावसात माती रस्त्यावर येत नाही.
- तोंडाला बारीक जाळी लावू नये. त्यात पाचट आणि प्लॅस्टिक अडकून पाणी तुंबते.

शेतातील पाणी चरात कसे सोडावे?

आपल्या शेताची माती चरात जात असेल तर कितीही वेळा गाळ काढला तरी चर भरणारच. त्यामुळे चराची देखभाल शेतातूनच सुरू होते.

- उताराला आडवी पेरणी करावी. सोयाबीनसारखी पिके रुंद वरंबा-सरी पद्धतीने घेतल्यास जादा पाणी सरीतून हळूहळू निघते.
- सऱ्या थेट रस्त्याच्या चरात उघडू नयेत. बांधाच्या आत एक आडवी चारी काढून त्यात सऱ्या सोडाव्यात. या चारीच्या शेवटी एक लहान खड्डा करावा. त्यात माती बसते आणि तुलनेने स्वच्छ पाणी पुढे जाते. खड्ड्यातील माती दरवर्षी शेतात परत टाकावी. ती तुमच्याच शेताची सुपीक माती असते.
- बांधातून पाणी बाहेर पडण्याची जागा ठरवून तेथे दगडाचा सांडवा करावा. सांडवा नसेल तर पाणी बांध फोडून स्वतःची वाट काढते.
- जादा पाणी शेततळ्यात घेता येत असेल तर ते जरूर घ्यावे. मात्र रस्त्यावरून वाहिलेल्या पाण्यात तेल, टायरची भुकटी आणि कचरा असतो. असे पाणी पिण्याच्या विहिरीत किंवा बोअरवेलच्या पुनर्भरणासाठी सोडू नये.
- गोठ्याचे पाणी, मोरीचे सांडपाणी, ओलिताचे जादा पाणी चरात सोडू नये. कोरडा राहायला हवा असा चर बारमाही ओला झाला की डास, पाणकणीस आणि दलदल वाढते, आणि रस्त्याचा पायाही खराब होतो.

कालव्याच्या लाभक्षेत्रातील क्षारपड-चोपण जमिनीत आणि अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात निचरा मुळातच मंद असतो. तेथे रस्त्याकडेचा चर पृष्ठभागावरचे पाणी नेतो, पण जमिनीतील वर आलेली पाणीपातळी उथळ चराने फारशी उतरत नाही. त्यासाठी खोल चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र पाईप निचरा प्रणालीचा विचार करावा, आणि तिचे पाणी सोडण्याची जागा आधी ठरवावी. कोकणात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, रस्ते उताराचे असतात आणि भातखाचरे रस्त्याला लागून असतात. तेथे चर भरण्यापेक्षा खरवडला जाण्याचा धोका मोठा असतो. जांभ्याचे दगड लावून तळ पक्का करावा आणि खाचराचे पाणी ठरावीक सांडव्यातूनच चरात सोडावे.

पाहणी करताना काय ओळखावे?

- तळात पाणकणीस उगवले आहे: तेथे पाणी कायम साचते. खालची पातळी किंवा पाईप तपासावा.
- पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी डबके आहे: तळाला उलटा उतार किंवा खालच्या अंगाला अडथळा आहे.
- काठ आतून पोखरला आहे, माती लटकते आहे: पाण्याचा वेग जास्त किंवा बाजू फार उभी आहे.
- पाईपच्या वरच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग, खालच्या तोंडाशी पाणी कमी: पाईप आतून बंद आहे.
- भरावावर मध्येच खड्डा पडला: पाईपचा सांधा उघडून माती आत जात आहे. वाहन नेणे थांबवून दुरुस्ती करावी.
- साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच वाढली आहे आणि रस्त्यावर पाणी थांबते: साईडपट्टीवर माती-गवत साचले आहे. विभागाला कळवावे.
- चरातील पाणी मोरीपाशी जाते पण पलीकडे निघत नाही: मोरी किंवा पुढचा ओघळ बंद आहे. तुमचा चर साफ करून उपयोग होणार नाही, आधी तो मोकळा झाला पाहिजे.

वर्षभराचे वेळापत्रक

*फेब्रुवारी-मार्च:* ऊस वाहतूक संपत आली की चराचे काठ पाहावेत. ट्रॉल्यांनी काठ दाबले जातात आणि पाचट चरात पडते. पाचट गोळा करून शेतात आच्छादनाला वापरावे. मोठ्या दुरुस्तीसाठी विभागाकडे अर्ज याच काळात द्यावा, मेमध्ये दिलेला अर्ज पावसाआधी मार्गी लागणे कठीण असते.

*एप्रिल-मे:* माती कोरडी असताना गाळ काढावा. पाईप आतून मोकळा करावा. मृग नक्षत्राच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी सर्व काम संपवावे. फार आधी काढलेली माती वाऱ्याने परत चरात येते, म्हणून गाळ काढल्यावर तो लगेच पसरवावा.

*जून:* पहिल्या मोठ्या पावसात चराच्या कडेने एक फेरी मारावी. पाणी कुठे अडते, कुठे बाहेर पडते हे फक्त त्याच वेळी दिसते. मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. मारवेल, वाळा लावण्याची हीच वेळ.

*जुलै-सप्टेंबर:* प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाईपची तोंडे पाहावीत. गाजर गवत फुलण्याआधी उपटावे. ऑगस्टमध्ये एकदा गवत कापावे. कापलेले गवत चरात पडू देऊ नये.

*ऑक्टोबर-नोव्हेंबर:* परतीचा पाऊस संपला की काठांची पडझड दुरुस्त करावी. सोयाबीनचे भुसकट चराच्या कडेला टाकू नये. रब्बीच्या नांगरणीत बांधाची माती चराकडे ढकलली जाणार नाही हे पाहावे.

*डिसेंबर-जानेवारी:* कपाशीच्या पऱ्हाट्या चरात रचू नयेत. दरवर्षी नांगरताना बांध थोडा-थोडा चराकडे सरकला आहे का, ते हद्दीच्या खुणांवरून तपासावे.

गाळ काढताना

- साईडपट्टीत ऑप्टिकल फायबर केबल, नळयोजनेची पाईपलाईन किंवा विजेची केबल असू शकते. यंत्र लावण्याआधी ग्रामपंचायतीकडे आणि रस्त्याच्या विभागाकडे चौकशी करावी. विजेच्या खांबाच्या आणि ताणाच्या बुडाजवळ हातानेच काम करावे.
- फक्त साचलेला गाळ काढावा, मूळ तळ फोडू नये. मूळ तळ सहसा घट्ट लागतो आणि रंगही वेगळा दिसतो.
- पूर्ण लांबीचे गवत एकदम खरवडू नये. काठावरचे गवत ठेवून फक्त तळ साफ करावा.
- काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवू नये. पहिल्याच पावसात तो परत आत जातो, आणि शेताच्या बाजूला सलग ढीग राहिला तर शेतातील पाणी चरात उतरू शकत नाही.
- प्लॅस्टिक, काच, तार वेचून काढल्यावर गाळ शेतात पातळ पसरवता येतो. त्यात तणाचे बी भरपूर असते, म्हणून आधी पडीक कोपऱ्यात टाकून उगवलेले तण मोडावे, मगच पिकाच्या जमिनीत न्यावा. वर्दळीच्या महामार्गालगतचा तेलकट, काळा गाळ पिकात टाकू नये.
- दाट गवतात साप, विंचू असतात. बूट घालावेत, आधी काठीने गवत हलवावे. रस्त्याच्या बाजूला काम करताना वाहनांना दिसेल असे लाल कापड लावावे.

अडथळा दुसऱ्याने केला असेल तर

खालच्या शेजाऱ्याने चर बुजवला आणि पाणी तुमच्या शेतात तुंबले, असे वाद गावोगाव असतात. रागाच्या भरात रात्री जेसीबी लावून भराव फोडला तर चूक करणारा बाजूला राहतो आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो. त्यापेक्षा पुढील क्रमाने जावे.

१. शेजाऱ्याला पाऊस चालू असताना प्रत्यक्ष जागा दाखवावी. बऱ्याचदा त्याला फक्त ट्रॅक्टरची वाट हवी असते. दोघांनी मिळून योग्य व्यासाचा पाईप टाकला तर खर्च पिकाच्या एका हंगामाच्या नुकसानीपेक्षा कमी येतो.

२. तोडगा निघाला नाही तर रस्त्याच्या विभागाच्या उपविभागीय कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा. गट नंबर, रस्त्याचे नाव, जवळचा किलोमीटर दगड, फोटो आणि तारखा द्याव्यात. अर्जाची पोच घ्यावी. रस्त्याच्या हद्दीतील अतिक्रमण हटवणे हे त्यांचे काम आहे.

३. अडथळा शेजारच्या शेतात असेल आणि पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडून तुमच्या शेताचे नुकसान होत असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा दाखल करता येतो. कायदेशीर अधिकाराशिवाय घातलेला असा अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. हा दावा अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. म्हणून जूनमध्ये अडवलेल्या पाण्याची तक्रार पुढच्या पावसाळ्यापर्यंत लांबवू नये.

४. पिकाचे नुकसान झाले असेल तर पाणी उतरण्याआधी तलाठी आणि कृषी सहायकांना कळवून पंचनाम्याची मागणी करावी. पाणी उतरल्यावर पुरावा राहत नाही.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे. आपले पाणी शेजाऱ्याकडे वळवण्यासाठी चराची दिशा बदलणे किंवा नवीन चर काढून त्याच्या शेताच्या तोंडाशी सोडणे हे चुकीचे आहे. पाणी जेथून नैसर्गिकपणे जात होते तेथूनच, ओढा-नाला मिळेपर्यंत गेले पाहिजे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

एका शेतकऱ्याने आपल्या बांधापुरता चर साफ केला तर उपयोग मर्यादित राहतो. पाणी मोरीपासून मोरीपर्यंत वाहते, म्हणून काम दोन मोऱ्यांमधील सर्व शेतमालकांना एकत्र घेऊन करावे. मेमध्ये शिवारफेरी काढून प्रत्येक भरावाखाली पाईप आहे का, व्यास किती आणि तोंड मोकळे आहे का, एवढ्या तीन नोंदी केल्या तरी कुठे पाणी तुंबणार ते आधी कळते. ही यादी ग्रामसभेत मांडावी आणि ठरावासह रस्त्याच्या विभागाकडे पाठवावी. सुटा अर्ज मागे पडू शकतो, ठराव आणि यादी असली की पाठपुरावा करणे सोपे जाते.

थोडक्यात महत्त्वाचे

- रस्त्याच्या हद्दीतील चर शासनाचा असतो, पण तो तुंबल्याचे नुकसान आधी शेतमालकाचे होते.
- मृगाआधी गाळ, पावसाळ्यात गवत आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाईपचे तोंड, ही तीन कामे चुकवू नयेत.
- भरावाखाली ६०० मिमीपेक्षा लहान पाईप नको, आणि परवानगीशिवाय भराव नको.
- चरात आखूड गवत ठेवावे, तणनाशक आणि आग टाळावी.
- काम खालच्या टोकाकडून सुरू करावे. मोरी बंद असेल तर आधी ती मोकळी करून घ्यावी.
- अडथळ्याची तक्रार लेखी, फोटोसह आणि सहा महिन्यांच्या आत करावी.